दुखरा गुडघा आणि अमानत

क्रिकेटवेड्या तरुणाचा गुडघा दुखावला की सल्ला तयार असतो : ऋषभ पंतकडे बघा! डिसेंबर २०२२ च्या अपघातानंतर मुंबईत त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. मार्च २०२४ मध्ये तो मैदानात परतला. एवढी विश्रांती लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या पगारदाराला परवडते काय? नोकरीसाठी जिना उतरणे ही मजबुरी. तिला दोष कसा द्यावा?

पण आम्ही शरीराला अमानत म्हणतो. नमाजला गुडघा वाकेना, तर आमचा तरुण खुर्चीची सवलत घेतो. शिवाजी पार्कवर मात्र तोच गुडघा पट्टा बांधून पळवतो. मनगटावरचे घड्याळ पावले मोजते, कळ मोजत नाही. ‘शरीर जपायचे ते कशासाठी?’ हा त्याचा उलटा प्रश्न खोटा नाही. सूज उतरल्यावर त्याने तो जरूर विचारावा.