रिकाम्या खुर्च्या आणि बंद दारे

एखादी सेवासंस्था क्षीण होऊ लागली की तिच्या चालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की सभासद कसे वाढवावेत? आम्हीही हाच प्रश्न अनेक वर्षे विचारीत आलो. घनसावंगी परिसरातील आमच्या लहानशा धर्मग्रामात संत विन्सेंट डी पॉल संघाची सभा महिन्यातून दोनदा, रविवारच्या मिस्सानंतर भरते. एके काळी चौदा खुर्च्या मांडाव्या लागत. मागे एका पावसाळ्यात सभेला चौघेच उपस्थित होते आणि चौघेही साठीच्या पुढचे. इतिवृत्त वाचून झाल्यावर चिटणीस म्हणाले, "फादर, संघ आता सन्मानाने बंद करावा. रजिस्टर कपाटात ठेवून देऊ." कोणी विरोध केला नाही. आम्हीही केला नाही. उलट मनातून थोडे हायसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

त्या हायसे वाटण्यानेच पुढे आम्हांला अस्वस्थ केले. संघ बंद झाल्याने नेमके कोणाचे काय जाणार होते, याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता. आमची सारी चिंता संघाच्या आयुष्याविषयी होती. ज्यांच्यासाठी संघ स्थापन झाला, ती माणसे आमच्या चर्चेत कोठेच नव्हती. सेवासंस्थेला जगण्याचा हक्क कशाने प्राप्त होतो, हा खरा नैतिक प्रश्न आहे. तिचा इतिहास जुना आहे, तिला फलक आहे, तिच्या वार्षिक सणाला मेजवानी होते, एवढ्याने तो हक्क सिद्ध होत नाही.

सभासद घटण्याची कारणे उघड आहेत. तरुण मुले वाळूज, चाकण येथील कारखान्यांत गेली. जी मागे राहिली त्यांना शेतीने बांधून टाकले. हे दुखणे आपल्यापुरतेच आहे असेही नव्हे. रॉबर्ट पटनम या अमेरिकन अभ्यासकाने २००० साली 'बोलिंग अलोन' या ग्रंथात, त्यांच्या देशातील क्लब, मंडळे व संघटना कशा ओस पडत चालल्या आहेत, याची सविस्तर नोंद केली. तेव्हा तरुण पिढीला दोष देऊन मोकळे होणे सोपे असले तरी न्याय्य नाही. आम्ही स्वतः एकदा व्यासपीठावरून आवाहन करून वीस नावे नोंदवून घेतली होती. तीन महिन्यांनी पुन्हा तेच चौघे उरले. त्या वीसजणांना आम्ही सभासद केले, पण करण्यासारखे काम एकालाही दिले नाही. त्यांनी दोन सभांत इतिवृत्त ऐकले आणि ते आपापल्या घरी गेले. त्यांचे काय चुकले?

अशा वेळी संघाच्या उगमाकडे वळून पाहणे हिताचे असते. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसमध्ये कायद्याचे शिक्षण घेणारा विद्यार्थी. १८३२ साली त्या शहरात कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली होती. विद्यार्थ्यांच्या एका वादसभेत प्रतिपक्षाच्या तरुणाने त्याला विचारले, की तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कार्ये केली असतील, पण आज तुम्ही स्वतः काय करीत आहात? ओझानामला या प्रश्नाचे उत्तर वादाने देता येईना. २३ एप्रिल १८३३ रोजी, त्याच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि एम्मान्युएल बायी हे वडीलधारे संपादक एकत्र बसले. सभासद कसे मिळवावेत याची त्यांना फिकीर नव्हती. कोणाच्या घरी जावे, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते धर्मभगिनी रोझाली रांदू यांच्याकडे गेले, आणि गरीब वस्तीत वर्षानुवर्षे वावरलेल्या त्या भगिनींनी त्यांना घरांचे पत्ते दिले. संघाचा आरंभ असा पत्त्यांच्या यादीपासून झाला.

दोन वर्षांत सभासद शंभरावर गेले, तेव्हा ओझानाम यांनी एक वेगळाच आग्रह धरला. मोठी सभा मोडून लहान सभा कराव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. काहींना ते रुचले नाही. मैत्री तुटेल अशी त्यांना भीती वाटली. परंतु १८३५ मध्ये विभागणी झाली आणि त्यातूनच संघ पसरला. १८६३ साली तो मुंबईत आला. ओझानाम अवघ्या चाळिसाव्या वर्षी, १८५३ मध्ये निवर्तले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. सभा लहान असणे हे मरणाचे लक्षण नव्हे, एवढे तरी या इतिहासावरून आम्हांला समजायला हवे होते.

मग आमच्या पत्त्यांची यादी कोठे होती? ती शोधण्यास लांब जावे लागले नाही. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. तान्ही मुले बरोबर जातात. गावात राहतात ते म्हातारे आणि शाळेत जाणारी पोरे. पाच-सहा महिने कित्येक घरांची दारे बंद असतात. जी उघडी असतात त्यांच्या आत दुखणेकरी माणूस असतो. संजय गांधी निराधार योजना आहे, श्रावणबाळ योजना आहे. पण कागद गोळा करून तहसील कचेरीत खेटे घालण्याचे बळ ज्याच्या पायांत नाही, त्याच्यापर्यंत योजना चालत येत नाही. तेथे हात धरणारा माणूसच लागतो.

संघ बंद करण्याचा निर्णय लांबणीवर टाकून आम्ही पाचजण अशा घरी जाऊ लागलो. एका घरी एक वृद्धा होत्या. दोन वेळा आम्ही पिठाची पिशवी ठेवून आलो. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "फादर, तुमी येता, पिशवी ठिवता अन् जाता. मला काई करायला कोनीच सांगत नाई. मी काय निसती खायालाच हाये का?" आम्ही निरुत्तर झालो. शेजारची तीन मुले आईवडिलांवाचून राहत होती. संध्याकाळी त्यांना आपल्या ओसरीवर अभ्यासाला बसवून घेण्याचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले. त्यांना अक्षरओळख नाही. परंतु मुले दिवा लागल्यावर बसली आहेत की नाहीत, जेवली आहेत की नाहीत, हे पाहण्यास अक्षरे लागत नाहीत. संघाच्या रजिस्टरात साहाय्य घेणाऱ्यांच्या पानावर त्यांचे नाव होते. ते आम्ही सभासदांच्या पानावर लिहिले. तेव्हा ध्यानात आले, की आमचे सभासद कमी होते, कारण अर्ध्या गावाला आम्ही केवळ घेणारे ठरवून टाकले होते.

घनसावंगी तालुक्यातल्याच जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांचा मार्ग आमच्याहून निराळा. परंतु माणसे जोडण्याची त्यांची हातोटी कोणीही शिकावी अशी आहे. त्यांनी ठिकठिकाणी मठ उभारले आणि ते चालविण्याचा भार शिष्यांवर टाकला. बालपणीच वैधव्य आलेल्या वेणाबाईंना त्यांनी मिरजेचा मठ सोपविला. ज्या काळी विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे अशी रूढी होती, त्या काळची ही गोष्ट आहे. आमच्या संघाविषयी म्हणाल, तर आरंभी तो पुरुषांचाच होता. स्त्रियांनी १८५६ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे स्वतंत्र संघ काढला आणि दोन्ही एक होण्यास १९६७ साल उजाडले. ज्यांना आपण मोजतच नाही, त्यांच्यातच पुष्कळदा संस्थेचे बळ दडलेले असते.

येथे कोणी विचारील, की दया हा मनाचा धर्म आहे. त्यासाठी संघ, सभा आणि रजिस्टर कशाला? ज्याने त्याने आपल्या शेजाऱ्याला साहाय्य करावे. हा आक्षेप हलका नाही. परंतु एकट्याची दया थकते; पहिल्या पावसात गेलेला माणूस तिसऱ्या पावसात जात नाही. शिवाय एकटा देणारा नकळत धनी होऊन बसतो आणि घेणारा त्याचा मिंधा होतो. चारजण मिळून गेले, आळीपाळीने गेले, आपल्या चुका एकमेकांपुढे मांडू लागले, की हा अहंकार थोडा तरी आवरला जातो. इतिवृत्ताचे महत्त्व एवढेच, की ज्या घरी जाण्याचे आपण कबूल केले होते तेथे गेलो की नाही, हे ते पुढच्या सभेत विचारते.

याचा अर्थ संस्था कधी मरूच नये असा नाही. काम दुसऱ्या हातांत गेले असेल, तर तिने कृतज्ञतेने निरोप घ्यावा. भूमीत पडलेल्या गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त आपण जाणतोच. पण दारे ठोठावल्यावाचून राहिली असताना केवळ आपण थकलो म्हणून संघ गुंडाळणे, आणि त्याला सन्मान म्हणणे, ही स्वतःची फसवणूक होय. आम्ही ती जवळजवळ केलीच होती.

आज आमच्या सभेला नऊजण येतात. आकडा फार मोठा नाही. नऊपैकी तिघे पूर्वी साहाय्य घेणारे आहेत. चाकणला असलेला एक तरुण सभेला येऊ शकत नाही. तो दर रविवारी दोन वृद्धांना दूरध्वनी करून औषधे संपली का ते विचारतो आणि चिटणीसांना कळवितो. त्याचे नावही आम्ही रजिस्टरात ठेवले आहे. सभेचा आरंभ आता सभासदांच्या हजेरीने होत नाही. गेल्या पंधरवड्यात कोणती घरे राहून गेली, ती आधी वाचली जातात. मागच्या सभेत चार घरे राहिली होती. त्यांतील एक चर्चच्या अगदी पाठीमागचे होते.