शेकरू आणि कुरव

स्तोत्र 104 ह्यात देवाच्या कृत्यांचे जे वर्णन आहे, त्यात रानचे वृक्ष आहेत आणि अफाट समुद्रही आहे. ह्या दोन स्थळांतील एकेक जीव आज आपण पाहू.

आपल्या अंगणातील खार सर्वांस ठाऊक आहे. तिचाच थोर भाऊबंद जो शेकरू, त्यास महाराष्ट्राने राज्यप्राणी ठरविले आहे. शेपटीसह तो सुमारे तीन फूट भरतो, वीस फुटांपर्यंत उडी मारितो, आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. म्हणून फांदीस फांदी भिडलेली असणे हेच त्याचे जीवन होय. मधली झाडे तोडिली की त्याची वाटच खुंटली.

कुरव हा समुद्रपक्षी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला नसेल. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेट येथील उंच सरोवरांकाठी अंडी घालितो आणि हिवाळ्यात थव्याने मुंबईस व कोकणच्या किनाऱ्यास येतो. तेथील पाणी खारट. परंतु त्याच्या डोळ्यांच्या वर देवाने अशा ग्रंथी ठेविल्या आहेत की, त्या रक्तातील अधिक मीठ काढून घेतात आणि ते नाकपुड्यांवाटे थेंब थेंब गळून जाते. शेकरूस हे साधन नाही. त्यास त्याची गरजही नाही.

आता गोंडपिपरीकडील मंडळ्यांकडे वळू. मिरची तोडण्याचा हंगाम आला की कित्येक कुटुंबे तेलंगणात जातात. मागे राहणारे म्हणतात, "ह्यांनी पोटासाठी उपासना सोडिली, नावे वहीतून काढा." जाणारे म्हणतात, "तुम्हांस घरी बसून भक्ती करणे सोपे." आम्हांस दोन्ही बोलणी अन्यायाची वाटतात. शेकरूने कुरवास भटक्या का म्हणावे? नामी दुष्काळामुळे मवाबात गेली, आणि परतली तेव्हा स्वतःस कटू म्हणवू लागली. तरी बेथलेहेमच्या बायकांनी तिला परकी मानिले नाही. पुढे रूथेच्या बाळाचे नाव त्याच शेजारणींनी ठेविले.

तेव्हा उपदेशक बंधूंनी वहीतील नावे तशीच राहू द्यावी. निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबास कोणत्या गावी जाणार हे विचारावे आणि जवळची मंडळी शोधून द्यावी. तेलंगणात ख्रिस्ती मंडळ्या पुष्कळ आहेत. उपासना तेलुगूत चालेल, गीते अनोळखी वाटतील. पण आमेन हा शब्द तिकडेही तोच आहे.