शस्त्रापलीकडचा निर्णय

रोग जितका भयंकर तितके शस्त्र खोल चालले पाहिजे, ही समजूत एकट्या वैद्यकाची नव्हे. ती मानवी स्वभावातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील शल्यविशारद विल्यम हॅल्स्टेड यांनी तिला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. स्तनाच्या कर्करोगात स्तन, काखेतील ग्रंथी आणि छातीचे स्नायू एकत्रच काढण्याची त्यांची रीत अनेक दशके प्रमाण मानली गेली. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी तिची परीक्षा घेतली. २००२ साली दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग लवकर कळला असता स्तन राखून किरणोपचार घेतलेल्या स्त्रिया आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रिया यांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही.

दोन्ही मार्ग सारखेच ठरले की प्रश्न शास्त्राच्या हातून नीतीच्या हाती येतो. निवड कोणाची? जिचे शरीर तिची, हे उत्तर निर्विवाद आहे. परंतु पेनगंगेच्या या तीरावर, आदिलाबाद जिल्ह्यात, ते पुरेसे आहे काय?

फिशर यांच्याच अभ्यासात केवळ गाठ काढलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला. किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. म्हणजे स्तन राखायचा तर किरणोपचार हवेत, आणि ते दीर्घकाळ पाच-सहा आठवडे, जवळजवळ रोज, दिले जात. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, मुले शेजारणीवर सोपवून नागपूरला वा हैदराबादला राहणे कोणाला परवडेल? अशा वेळी ती म्हणते, "काढूनच टाका." या उत्तराला अज्ञान म्हणणे अन्याय आहे, त्याला स्वेच्छेची निवड म्हणून कागदावर अंगठा घेणे हीही आत्मवंचनाच होय. पूर्ण विचारांती स्तन काढण्याचे ठरवणारी स्त्रीही असते. तिचा निर्णय आम्ही शिरोधार्य मानतो. आमचा आक्षेप निर्णयाला नाही, त्यामागच्या नाइलाजाला आहे.

हा नाइलाज अटळ नाही. आता तीन आठवड्यांचे, आणि २०२० मधील ब्रिटिश अभ्यासानुसार अनेकींना एका आठवड्याचेही किरणोपचार पुरतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या सुमारे सोळाशे स्त्रियांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती बधिरतेचे स्वस्त औषध टोचल्याने पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. रुग्णाकडून एकही जादा दिवस न मागणारा हा उपाय आहे. अंतर आणि खर्च कमी करणे हाही उपचारच, हे अशा संशोधनातून आम्ही शिकावे.

एक भार मात्र आम्हा साहित्यप्रेमींवर आहे. काव्यात स्तनांचे वर्णन आम्ही निःसंकोच वाचतो. घरात मात्र "छातीला काहीतरी लागतंय" एवढे म्हणायलाही आमच्या स्त्रिया महिनोन्महिने धजत नाहीत. वैद्य तेलुगूत वा हिंदीत विचारतो, उत्तर नवरा देतो. रोग लवकर कळला तरच दोन मार्ग उरतात. आणि लवकर कळण्यासाठी आधी तो शब्द उच्चारता आला पाहिजे. निवडीचा हक्क रुग्णालयात मिळतो खरा, पण त्याची सुरुवात माजघरात, मातृभाषेत होते.