मुरमाच्या रस्त्याचे सुख

एखादे सुख निर्मळ आहे की नाही, हे कसे ओळखावे? हा प्रश्न तत्त्वज्ञांनी सोडवावा आणि आपण दिवाळीचा फराळ करावा, असे म्हणून मोकळे होता येईल. पण मला हा प्रश्न ग्रंथ वाचताना पडत नाही. तो पडतो सायकल चालवताना, आणि तोही चढावर. दम लागलेला असतो, बोलायला सोबती नसतो, आणि विचार टाळण्याचे दुसरे कोणतेही साधन हाताशी नसते.

आश्विन सरता सरता मावळातला पाऊस ओसरतो. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस अंगावर घेणारे लोणावळ्याचे डोंगर न्हाऊन उठल्यासारखे दिसतात. वलवणचा तलाव भरलेला असतो आणि खाचरांतून कापणीला आलेल्या भाताचा वास येत असतो. अशा दिवसांत, शनिवार-रविवारची गर्दी टाळून, तुंगार्लीचा चढ चढावा आणि राजमाचीच्या वाटेला लागावे. अंतर काही फार नाही, पंधरा-सोळा किलोमीटर. पण डांबर मागे पडले की चाकाखाली मुरूम येतो, लाल माती येते, ओढ्यातले गोटे येतात. आणि आपण किती वेगाने जायचे हे आपल्याऐवजी रस्ता ठरवू लागतो. मुरमावरून जाड टायर जाताना जो एक खरखर आवाज होतो, तो मला एखाद्या वाद्यासारखा वाटतो. त्याच्या जोडीला सातभाईंचे भांडण, दूरवर गुराच्या गळ्यातली घंटा, आणि आपलाच श्वास. मोटारीचा हॉर्न म्हणून ऐकू येत नाही. मनुष्याला सुखी व्हायला एवढे पुरते.

या सुखाची खरी किंमत कळायची असेल, तर डोंगराखाली पाहावे. वलवणच्या जवळूनच मुंबई-पुण्याचा द्रुतगती मार्ग जातो. २००२ साली तो पूर्ण खुला झाला. त्यावर सायकलीला बंदी आहे, आणि पायी चालणाऱ्यालाही. त्या वेगात सायकल घालणे म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून बंदी रास्तच आहे. पण एका गोष्टीची गंमत वाटते: जो जो रस्ता सुधारतो, तो तो हळू चालणाऱ्याला बाहेर काढतो, आणि मग हळू चालणारा, जिथे अजून सुधारणा पोचलेली नाही अशा वाटेच्या आश्रयाला जातो. बिनरहदारीचे रस्ते आजकाल दोनच प्रकारचे उरले आहेत. एक श्रीमंतांच्या बंगल्यांचे; त्यांच्या तोंडाशी फाटक असते आणि फाटकाशी रखवालदार. दुसरे गरिबांच्या वाड्यांचे. त्यांना फाटक लागतच नाही, कारण खड्डेच ते काम करतात.

आणि इथेच तो प्रश्न उभा राहतो. त्या वाटेवरून जाताना मनात एक इच्छा आपोआप उगवते, की हा रस्ता असाच राहावा. असे इच्छिण्याचा मला अधिकार आहे काय?

एकदा एका वळणावर, करवंदीच्या जाळीपाशी, डोक्यावर पोते घेतलेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. मी सायकल उभी केली. ‘मामा, रस्ता झकास आहे हो तुमचा,’ असे मी म्हणालो. ते हसले. ‘झकासच हाये,’ म्हणाले, ‘पन रातच्याला कुनाला पान लागलं, तर ह्योच रस्ता लई लांब व्हतो.’ पान लागणे म्हणजे साप चावणे. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. उद्या ऊन पडेल, असे सांगावे तसे त्यांनी सांगितले. मग, माझ्याजवळ पाणी पुरेसे आहे ना, याची चौकशी केली आणि ते चालू लागले.

रस्त्याची लांबी मोजण्याच्या दोन पद्धती असतात, हे त्या एका वाक्यात आले. माझ्या सायकलवरचे यंत्र पंधरा किलोमीटर दाखवते. ते उजेडातले, धडधाकट माणसाचे, आणि संध्याकाळी घरी परतणाऱ्याचे पंधरा किलोमीटर. झोळीतून नेल्या जाणाऱ्या माणसाचे अंतर कोणतेही यंत्र दाखवीत नाही.

शिवाय या डोंगरांची शांतता नुसती निसर्गाने दिलेली नाही. तिला इतिहास आहे. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली स्थापन झाली, वलवणला धरण बांधले गेले, आणि १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज वाहू लागली. पाणी मावळातले, उतार बोरघाटाचा, आणि उजेड मुंबईचा! डोंगरांतल्या वाड्यांवर दिवे लागायला त्यानंतर कित्येक दशके जावी लागली. आज आपण तलावाकाठच्या ज्या काळोखाला आणि निवांतपणाला ‘रमणीय’ म्हणतो, त्यात त्या वाट पाहण्याचाही अंश आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. इटलीत तोस्काना म्हणून प्रांत आहे. द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा, आणि त्यांतून वळणे घेत टेकड्यांवर चढणारे पांढऱ्या खडीचे रस्ते. जगभरचे सायकलस्वार ते रस्ते स्वप्नात पाहतात. १९९७ साली किआंती भागातल्या गायोले या गावी, हे पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून, जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. ‘एरोइका’ हे तिचे नाव, आणि आज ती प्रसिद्ध आहे. पण ते रस्ते इतके ओस का होते? तिथली शेती पिढ्यान्‌पिढ्या अर्धेलीने चाले. निम्मे पीक मालकाचे, निम्मे कुळाचे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत कुळे शेते सोडून शहरांतल्या कारखान्यांकडे गेली. १९६४ साली कायद्याने अर्धेलीचे नवे करारच बंद केले. चित्रासारख्या दिसणाऱ्या त्या रस्त्यावरून एके काळी माणसे संसार गाडीत घालून निघून गेलेली आहेत. रस्त्याचा निवांतपणा हा पुष्कळदा कोणाच्या तरी जाण्याचा, किंवा कोणाच्या तरी न पोचण्याचा निवांतपणा असतो.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, असा हिशेब मांडत बसलात तर जगात एकही सुख घशाखाली उतरायचे नाही!’ हा आक्षेप मला खरा वाटतो. दुसऱ्याचे दुःख आठवून आपले तोंड कडू करण्याने त्याचे दुःख तसूभरही कमी होत नाही. मुरमावरून सायकल नेल्याने मी कोणाचे काही हिरावून घेत नाही. आणि डांबर पडले की सगळे मंगल होईल असेही नाही. ज्या रस्त्याने डॉक्टर येतो, त्याच रस्त्याने जमिनीचा दलालही येतो. लोणावळ्याच्या आसपास खाचरांचे प्लॉट झाले आणि प्लॉटांचे बंगले झाले, हे तर आपण डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा रस्ता हवा की नको, एवढाच हा प्रश्न नाही.

पण दोन शांततांमध्ये फरक करता येतो. एक, अभावातून आलेली. दुसरी, ठरवून राखलेली. दुसरीचे उदाहरण आपल्या जवळच आहे. माथेरानला मोटारी वर येत नाहीत, दस्तुरी नाक्याला थांबतात; तांबड्या मातीचे रस्ते माणसांचे आणि घोड्यांचे. २००३ साली तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. परंतु तिथेही कित्येक वर्षे ती शांतता हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या दमावर चालली होती. त्यांनी विजेवरच्या रिक्षा मागितल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्या प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. माथेरानची शांतता त्यामुळे बिघडली, असे मला वाटत नाही. उलट, माणसाने माणसाला ओढण्याची लाज तिच्यातून निघू लागली.

यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरविली आहे. ज्या सुखाची इच्छा, ज्याच्या दारात आपण ते सुख घेतो त्याच्यासमोर मोठ्याने बोलून दाखवता येते, ते सुख निर्मळ. ‘तुमचा रस्ता असाच खडबडीत राहो’ हे वाक्य त्या मामांसमोर उच्चारता येणार नाही, जीभ अडखळेल. पण ‘तुमच्याकडे रात्री-अपरात्री दवाखान्याची गाडी यावी, पोरांची शाळेची गाडी यावी, आणि आम्हां पाहुण्यांच्या मोटारी मात्र खाली तुंगार्लीलाच थांबाव्यात’ असे खुशाल म्हणता येईल. त्यांनी मान हलविली तर उत्तम. नाही हलविली तर रस्ता त्यांचा आहे, आणि मला सायकल चालवायला सह्याद्रीत दुसऱ्या वाटा आहेत. मुरमाची ती खरखर ऐकण्याचे माझे सुख त्यांच्या होकारावर अवलंबून असावे, यात मला कमीपणा वाटत नाही.

आपल्याकडे दिवाळीत शेजारघरून फराळाचे ताट येते, ते रिकामे परत धाडायचे नाही अशी रीत आहे. त्यात परतफेडीचा हिशेब नसतो. चार करंज्यांना दोन लाडूही चालतात. फक्त ताट रिकामे जाऊ नये. डोंगरातल्या माणसांनी आपल्या वाटेवरून आपल्याला इतका निवांतपणा खाऊ घातला आहे. त्यांना रस्ता हवा असेल तेव्हा निदान त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलावेत, एवढे तरी त्या ताटात घालून पाठविता येईल.