पोरगं डॉक्टर होतं कुणाच्या पैशावर?

नीटचा निकाल लागला की आमच्याकडं दोन-चार घरांत परदेशाची नावं ऐकू यायला लागतात. जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, फिलिपाईन्स. ज्या माणसाचं आयुष्य बाजार समिती आणि पंढरपूरच्या वारीत गेलं, तो बिश्केकला हॉस्टेलचं जेवण कसं असतं हे सांगायला लागतो. एजंटानं तालुक्याला हॉल घेऊन चहा-नाष्ट्याबरोबर ते सांगितलेलं असतं.

लोक ह्याला नावं ठेवतात. मार्क नाहीत म्हणून पैशानं डिग्री आणायला चाललंय म्हणतात. मला ते पटत नाही. सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकलेल्या पोराला इथं खाजगी कॉलेज पन्नास लाखांच्या पुढं पडतं, तिकडं सगळं मिळून त्याच्या निम्म्यात भागतं. मग तो कुठं जाणार? शिवाय तिकडून आल्यावर 300 मार्कांची परीक्षा असते, 150 मिळाले तरच इथं दवाखाना उघडता येतो. दर खेपेला पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारेच जास्त. ती पास होऊन आलेल्या पोराला कच्चा म्हणायचं कशावरून?

परदेशी शिकण्यात वाईट असतं तर आनंदीबाई जोशी 1883 साली बोटीनं अमेरिकेला गेल्याच नसत्या. 1886 ला डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली, आणि तिथं रुजू व्हायच्या आधीच पुण्यात वारल्या. वय उणंपुरं एकवीस. आमच्याकडचं जवळचं उदाहरण म्हणजे जामखेडचे आरोळे दांपत्य. दोघं शिकले वेल्लोरला, पुढचं शिकायला अमेरिकेत गेले आणि 1970 साली येऊन बसले कुठं, तर जामखेडला. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा गावातल्या बायांना त्यांनी बाळंतपण, लसीकरण, पोरांचं वजन हे सगळं शिकवलं. डॉक्टर बंग नवरा-बायकोचंही तसंच. नागपूर, मग अमेरिका, मग गडचिरोली. तेव्हा कुठं शिकला ह्याच्यावरून माणूस ओळखता येत नाही.

मला खुपतं ते दुसरंच. खर्च कुणी केला?

सरकारी कॉलेजातल्या पोराची फी थोडी असते. बाकीचा भार सगळ्यांच्या करातून जातो. काडीपेटी घेणारी म्हातारीसुद्धा त्यात वाटेकरी असते. म्हणून सरकार त्याच्याकडनं एक वर्षाची सेवा लिहून घेतं. ह्यावर पोरं कुरकुरतात, आणि सेवेऐवजी दहा लाख भरून मोकळं होण्याची वाट काहींनी धरलीच. मला विचाराल तर एक वर्ष कमीच आहे. पण निदान तिथं देणं कुणाचं, हे तरी स्पष्ट आहे.

परदेशी गेलेल्याचं, किंवा इथंच खाजगीत शिकलेल्याचं तसं नाही. त्याचा खर्च बापानं केला. आमच्या ओळखीच्या एकानं पाटाच्या कडेची दोन एकर काढली. बागायत, काळी, चुलत्याशी भांडून राखलेली. पोरगं युक्रेनला गेलं. 2022 च्या फेब्रुवारीत लढाई पेटली तेव्हा ते खारकीवला तळघरात, आणि हा इथं टीव्हीपुढं. आठ दिवस ह्या माणसानं धार काढली नाही, शेजाऱ्यानं काढली. पोरगं सुखरूप आलं. पुढं दुसऱ्या देशात जाऊन शिक्षण पुरं केलं, परीक्षाही काढली.

आता हा पोरगा गावाला काय लागतो? गावानं त्याला एक रुपया दिला नाही. त्याला गावात राहा म्हणायचा हक्क आपल्याला कुठनं आला? पारावर बसून ‘गावाला विसरला’ म्हणणं सोपं आहे. तो जर म्हणाला, माझं देणं फक्त माझ्या बापाला आहे, तर त्याचं काय चुकलं?

इथंच घोळ आहे. बापाचं देणं तो फेडणार कशातनं? पगारातनं दोन एकर परत येत नाही. मग तपासण्या वाढतात, सलाईन लागतं, साध्या बाळंतपणाला सिझेरियन होतं. तो पोरगा तसं करील असं मी म्हणत नाही, पोरगं चांगलं आहे. पण दोन एकरांचं ओझं डोक्यावर असलेल्या माणसाला रोज नीट वागायला लावायचं, हे आपण त्याच्या एकट्याच्या सज्जनपणावर सोडलंय. बापाची जमीन शेवटी पेशंट फेडतो. आणि तो पेशंट म्हणजे अशीच दोन एकरवाली माणसं.

आरोळ्यांच्या मागं असं कर्ज असतं तर ते जामखेडला येऊ शकले असते का, हे मला कळत नाही. मनानं ते आलेही असते. पण मोठं मन प्रत्येकाकडं असेलच असं धरून गावाचा दवाखाना चालत नाही.

मागच्या महिन्यात त्याच पोराचा बाप भेटला. पोराला नगरला एका मोठ्या दवाखान्यात नोकरी लागलीय म्हणाला. मी म्हटलं, आपल्या आरोग्य केंद्रात जागा मोकळी आहे ना? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘भाऊ, तिथला पगार सांगा आणि माझ्या रानाचा आजचा भाव सांगा.’ मी दोन्ही सांगितलं. त्यानं पिशवी उचलली आणि एसटीकडं गेला.