दर्शनाची मर्यादा

हैदराबादेत नामपल्लीच्या बाग-ए-आममध्ये एके काळी प्राणिसंग्रह होता. १९६३ साली नेहरू प्राणिउद्यान लोकांसाठी खुले झाले आणि येथील पशुपक्षी तिकडे गेले. बागेत फिरताना जुनी मंडळी त्या पिंजऱ्यांच्या गोष्टी काढीत, तेव्हा आम्ही मनातल्या मनात नाक मुरडत असू. प्राण्याला बांधून आपल्या दारी आणण्यापेक्षा आपणच त्याच्या दारी जाऊन त्याला पाहावे, हीच खरी सुसंस्कृतता, असा आमचा समज होता. मालवणच्या समुद्रात तो समज ढासळला.

सुट्टीत आम्ही कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग पाहावयास गेलो होतो. १६६४ साली पायाभरणी झालेल्या त्या जलदुर्गाचे तट पाहून झाले आणि मंडळींना गादा पाहण्याची हौस आली. गादा म्हणजे डॉल्फिन. या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात जो आढळतो, त्याच्या पाठीवर उंचवटा असतो. हा मासा नव्हे. श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते, आणि मादीला एका खेपेस एकच पिल्लू होते. मासेमारीची जाळी, दूषित खाड्या आणि होड्यांची वर्दळ यांमुळे ही जात आज संकटग्रस्त ठरली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला सर्वोच्च संरक्षण दिले आहे.

पाण्यावर एक करडी पाठ दिसली. शेजारी दुसरी, लहानशी. नावाड्याने इंजिन मंद केले. "अजून जवळ घ्या," असे आम्हीच म्हणालो; भाडे आम्ही मोजले होते ना! होडी पुढे सरली, आणखी दोन होड्या धावून आल्या, आणि बुडालेल्या त्या दोन पाठी दूरवर, घाईघाईने वर आल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या ओसरल्यावर मात्र मन खाऊ लागले. तो जीव श्वास घेण्यास वर येत होता, आणि आम्ही त्याच्या श्वासाच्या वाटेवरच दबा धरून बसलो होतो. गज तेवढे नव्हते, पिंजरा होताच.

मग पाहूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. न पाहिलेल्यावर माया सहसा जडत नाही. शिवाय नावाड्याच्या घरची चूलही या हौशीवर पेटते. गादा जगण्यात त्याचा संसार गुंतला, तर रक्षणासाठी आणखी एक हात पुढे येईल. प्रश्न पाहण्याचा नाही, हक्काचा आहे. आम्ही भाडे दिले ते होडीचे, गाद्याचे नव्हे.

आपल्या भाषेत माणूस दर्शन घेतो, तसे देव दर्शन देतो. भक्त गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी थांबतो. दार बंद असेल, तर कळसाला हात जोडून परततो. त्याची यात्रा वाया जात नाही. वन्य जीवाच्या बाबतीतही हीच मर्यादा आम्हांस मान्य व्हावयास हवी.

यात परीक्षा नावाड्याची नाही, आमची आहे. गादा न दिसताही त्याच्या हातावर पुरते भाडे ठेवता आले, तरच इंजिन बंद ठेवण्यास सांगण्याचा आम्हांस अधिकार. आणि नामपल्लीस परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, "काय पाहिलेत?" तर "समुद्र पाहिला," एवढेच सांगताना आवाज पडता कामा नये.