गुणपत्रिकेंतील उणीव

माझ्या पुतण्याची मुलगी अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत बारावीच्या वर्गांत आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिचें एक लांबलचक पत्र मला आलें. त्यांतील प्रश्न वरवर पाहतां लहान, किंबहुना पोरकट वाटेल. परंतु ज्यांच्या घरांत परीक्षेला बसणारें मूल आहे त्या वाचकांस तो तसा वाटणार नाहीं.

तिला हार्वर्डसारख्या एखाद्या नामांकित विद्यापीठांत जावयाचें आहे. तिकडे ‘ए’ श्रेणीस ४, ‘बी’स ३ व ‘सी’स २ असे अंक धरून सर्व विषयांची सरासरी काढतात. दहावीच्या वर्षीं हिला दोन विषयांत ‘बी’ आणि रसायनशास्त्रांत ‘सी’ मिळाल्यामुळें तिची सरासरी पूर्ण ४ न राहतां ३.८ च्या आसपास उतरली. आपल्याकडे एवढे गुण मिळविणाऱ्या मुलीच्या घरीं पेढे वांटले असते. तेथें मात्र बापानें पैसे देऊन एक सल्लागार नेमला आहे! त्याच वर्षीं तिची आई कांहीं महिने आजारी होती. सल्लागार म्हणाला, ‘उणीव लपवूं नका; आईच्या आजारपणावर निबंध लिहा.’ त्यावर मुलीनें मला लिहिलें : ‘आजोबा, आई आजारी होती हें खरें, आणि मला सी मिळाला हेंहि खरें. पण आई आजारी पडली ती मार्चमध्यें. रसायनाचा कंटाळा मीं त्याच्या आधींच केला होता. रात्ररात्र कादंबऱ्या वाचीत बसत होतें. मग मी काय लिहूं?’

पोरीनें दुखऱ्या जागेवर नेमकें बोट ठेवलें आहे. दोन्ही विधानें सत्य आहेत; असत्य आहे तो त्यांच्यामधील ‘म्हणून’ हा शब्द. आणि तो शब्द लिहावयाचीहि गरज नाहीं. दोन वाक्यें शेजारीं शेजारीं ठेवलीं कीं वाचणारा तो आपण होऊन घालतो, आणि लिहिणाऱ्याचे हात कोरडे राहतात.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, एवढा कीस कशाला काढावयाचा? त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध जो दावा २०१४ सालीं दाखल झाला व ज्याचा शेवटचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं दिला, त्यांत पुढें आलेले आंकडे पाहण्यासारखे आहेत. एका वर्षीं सुमारें १,६०० जागांकरितां ३५,००० अर्ज आले होते, आणि अर्जदारांपैकीं ८,००० हून अधिक मुलांची सरासरी परिपूर्ण होती. म्हणजे सगळ्या जागा निष्कलंक गुणपत्रिकांनाच वांटून दिल्या तरी त्यांतील पांचांपैकीं चारांना परत जावें लागलें असतें. गुणांनीं निवड होणें जेथें अशक्य झालें, तेथें निवडणारा निबंध, शिफारसपत्रें, खेळ, स्वभाव यांकडे वळणारच. मग निबंध ही फिर्याद होते आणि दुःख हा पुरावा.

माणूस गुणांपेक्षां मोठा आहे, त्याचें सगळें आयुष्य पाहून निवड करावी, हें तत्त्व ऐकावयास उदात्त आहे. त्याचा जन्म मात्र तितका उदात्त नाहीं. १९२२ सालीं हार्वर्डचे अध्यक्ष लोवेल यांनीं ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालण्याची सूचना केली. त्यावर ओरड झाली व ती सूचना फेटाळली गेली. पुढें १९२६ पासून प्रवेश देतांना विद्यार्थ्याचें ‘शील’ व व्यक्तिमत्त्व पाहूं लागले, आणि जें उघडपणें साधलें नाहीं तें आडमार्गानें साधलें. शील मोजण्याचा तराजू ज्याच्या हातीं, त्याच्या मनांतील सगळ्या आवडीनिवडी त्या तराजूंत उतरतात. म्हणूनच १८५७ सालीं आपल्याकडे विद्यापीठें आलीं त्यांबरोबर आलेली ती आंधळी परीक्षा मला, तिचे सर्व दोष मान्य करूनहि, प्रिय आहे. मीं पंचवीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या. समोर नांव नसे, जात नसे, बापाचा धंदा नसे. केवळ एक क्रमांक असे. त्या क्रमांकाला मीं कित्येकदां निर्दयपणें नापास केलें असेल, पण आपल्या आईचें आजारपण माझ्यापुढें मांडावयास त्याला कधीं लावलें नाहीं.

पण येथें मला थांबावें लागतें. पहांटे उठून घरोघर वर्तमानपत्रें टाकणारा एक विद्यार्थी माझ्या वर्गांत होता. पहिल्या तासाला तो डुलक्या घेई, आणि त्याचे गुण कमी पडले. त्याचा ‘म्हणून’ सोळा आणे खरा होता, आणि माझ्या प्रिय आंधळ्या परीक्षेनें तो ऐकून घेतला नाहीं. असल्या वेळीं रामानुजनांचें नांव घेण्याची चाल आहे : ते एफ. ए. ला नापास झाले, तरी १९१४ सालीं केंब्रिजला गेले. हें उदाहरण मला गैरलागू वाटतें. असामान्य बुद्धीला एखादा हार्डी भेटून जातो. प्रश्न आहे तो त्या डुलक्या घेणाऱ्या साध्या मुलाचा. त्याच्यासाठीं कोणीतरी डोळे उघडून पाहणें अवश्य आहे. परंतु दार उघडें ठेवलें कीं त्याच्या मागून भाडोत्री सल्लागारहि आंत शिरतो, आणि खऱ्या ‘म्हणून’ची किंमत खोट्यामुळें उतरते. पुतण्याची मुलगी फसविणार ती विद्यापीठाला नव्हे. फसविणार त्या वर्तमानपत्रें टाकणाऱ्या मुलाला.

हें सगळें लिहावयाचा मला अधिकार किती? शिफारसपत्रांत ‘घरच्या अडचणींमुळें’ हे शब्द मीं, अडचणींची चौकशी न करतां, अनेकदां लिहिले आहेत. तेव्हां त्यांस दया असें नांव मीं दिलें होतें.

मुलीला मीं एवढेंच कळविलें कीं, लिहावयाचें तर मार्च महिना लिही. तिनें तसें केलें. अर्जांत अधिक माहितीसाठीं जागा असते, तेथें तिनें चार ओळी लिहिल्या : आई मार्चपासून आजारी होती, रसायनांतील सी त्यापूर्वींच्या माझ्या हयगयीचा आहे, तो विषय मीं पुन्हा अभ्यासिला. तिला वाटलें होतें, सल्लागार रागावेल. तो उलट खूष झाला. म्हणाला, ‘फारच छान! असला प्रामाणिकपणा त्यांना हमखास आवडतो.’

तेव्हांपासून त्या चार ओळी तिला नकोशा झाल्या आहेत, असें तिनें लिहिलें. ‘आतां त्या ठेवूं कीं खोडूं?’ मुदत १ जानेवारीपर्यंत होती. मीं उलट टपालीं कळविलें, ‘ठेव.’ कारण लिहिलें नाहीं. तें मला अद्यापहि नीटसें सांगतां येत नाहीं.